वायर वर घेतली

४ जून
सशाने आज मशीनची वायर कुरतडली. आप्पांच्या ऑक्सिजनची. काळं आवरण गेलंय, आतली लाल-निळी दिसते. ससा वाचला, मशीन चालू राहिलं — दोन्ही नशीब. प्लग काढला, आप्पांना सिलिंडर लावला, वायरला चिकटपट्टी गुंडाळली.
आप्पा म्हणाले, "कान लांब, अक्कल तोकडी. तुझ्या काकावर गेलाय."
एवढं बोलताना मध्ये दोनदा दम लागला.

५ जून
वायरला कारल्याचा रस चोळला. सल्ला ताईचा — ससाही तिनेच आणून दिलेला, आप्पांना सोबत म्हणून. सशाने रस चाटून साफ केला आणि आणखी मागायला माझ्या पायाशी येऊन बसला.
ताई फोनवर: "मग तिखट लाव." लावलं. आप्पांनाच खोकला सुटला. सगळं पुन्हा पुसून काढलं.

७ जून
पिंजऱ्यात ठेवला. तो गज कुरतडत बसला, आप्पांनी ताट बाजूला सारलं. "सोड त्याला. आजारी मी आहे."
सोडला. उचलून त्यांच्या कुशीत दिला. दोघांचे डोळे मिटलेले. रागवायचं तरी कुणावर?

८ जून
प्लास्टिकची नळी उभी चिरून वायर आत घातली. चीर भिंतीकडे हवी होती, मी खोलीकडे ठेवली. त्याने बरोबर तिथूनच सुरुवात केली.

१० जून
वायरमन आला. माझी नळी पाहून हसला. "मॅडम, हा ऐकणाऱ्यातला नाही. वायर खाली ठेवूच नका." नवी वायर टाकली, खाटेच्या उशाजवळून, भिंतीवर खिळवून. मशीन स्टुलावर. आप्पा त्याचं काम टक लावून बघत होते.
बऱ्याच दिवसांनी मी निवांत चहा प्यायले.

१३ जून
उशाशी वायर सोललेली. खिळेही उपटलेले. उशीवर उभा राहिला असणार. आप्पांना विचारलं, तुम्ही पाहिलं नाहीत?
"डोळा लागला होता."
ताईला बोलावलं. ती सशाला टोपलीत घालून घेऊन गेली. "तुझ्याच्याने एक ससा सांभाळला जात नाही." ती निघताना आप्पांनी टोपलीत हात घालून त्याला बराच वेळ कुरवाळलं.

१४ जून
वायर बदलली. खोली नीटनेटकी. नुसतं मशीन घरघरतंय.

१६ जून
वायर पुन्हा कुरतडलेली. त्याच जागी. दातांच्या खुणा रुंद.
आप्पांच्या ओठाला काळं लागलं होतं. मी ओल्या फडक्याने पुसलं. "ससा परत हवा म्हणून?"
"नाही. हे मशीन थांबावं म्हणून." मग दम घेऊन, "पण आण त्याला. त्या दिवशीचंही त्याने केलं नव्हतं."
आता वायर कुठे ठेवू?