टायरची कड

जिंतूर, मंगळवार

प्रिय सिद्धू,

काल सकाळी तू बसस्टँडवर दिसलास. शाळेत शिकवायला निघालेला, पिशवी छातीशी धरून एसटीमागे पळत होतास. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो, पण हाक मारली नाही. दसऱ्यापासून तुझी मोटारसायकल ताडपत्रीखाली आहे आणि तू तिच्या किल्लीलाही हात लावत नाहीस, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मला सायकलपासून जीपपर्यंत सगळं चालवायला शिकवणारा माणूस गाडीला घाबरतो, हे मला बघवत नाही. तू पुन्हा गाडीवर बसलंच पाहिजेस, या एका हट्टापायी हे पत्र लिहायला घेतलंय. लांबलचक आहे. मधेच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

आधी माझ्या उद्योगाची बातमी. दिवाळीपासून मी टायरच्या पॉलिशची परीक्षा घेतोय. हस, खुशाल हस. नऊ वर्षं वॉशिंग सेंटर चालवतोय, पण कोणता माल किती टिकतो हे कधी तपासावंसं वाटलं नव्हतं. गिऱ्हाईक निघताना टायर चमकले की झालं, पुढचं आपण कुठे बघायला जातो? या वेळी मात्र दत्तरावांची जिंतूर-येलदरी फेऱ्या मारणारी जीप धरली आणि चार चाकांना चार प्रकार लावले. एकाला आपलं गावठी, म्हणजे जळकं ऑईल आणि डिझेल. दुसऱ्याला स्प्रे, तिसऱ्याला डबीतली चिकट जेल, चौथ्याला दुधासारखं पांढरं पातळ औषध. रोज संध्याकाळी जीप आली की मी वही घेऊन चाकापाशी उकिडवा. दत्तराव वैतागून म्हणाले, "टायर हाय का नवरदेव? रोज काय निरखायलास त्याला?" ऑईलच्या चाकावर पहिल्याच दिवशी इतकी धूळ बसली की ते चारही चाकांत घाण दिसू लागलं, आणि पंधरवड्यात रबर तपकिरी पडलं. स्प्रे पहिल्या दिवशी आरशासारखा, पण त्याचे शिंतोडे पत्र्यावर उडाले आणि एका धुण्यात चमक गेली. जेल आठ दिवस टिकली. पांढरं औषध सगळ्यांत कमी चमकतं, पण बारा दिवस टिकलं आणि बोटाला लागत नाही. आता सेंटरवर तेवढंच ठेवलंय. गिऱ्हाईक कुरकुरतात, त्यांना कुरकुरू दे.

तुला खंडेनवमीची संध्याकाळ आठवते ना? पूजेसाठी गाड्यांची रांग पार रस्त्यावर गेली होती. तू आलास आणि म्हणालास, "परम्या, हळदकुंकू, लिंबू कायबी नको. नुसती धुऊन दे. उद्या धम्मशीलाच्या माहेरी विहारात कार्यक्रम हाय." रांगेतल्या सगळ्यांच्या आधी तुझी गाडी घेतली, दोन शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. घेऊन जाताना तू टायरकडे बघून "लय भारी" म्हणालास, मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. येलदरीच्या अलीकडच्या वळणावर गाडी घसरली होती. तुम्हा दोघांचे रक्तामातीने माखलेले पांढरे कपडे मी दवाखान्यात पाहिले ते अजून डोळ्यांपुढून जात नाहीत. तुला खरचटण्यावर निभावलं, वहिनींच्या कोपरात ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवावी लागली. त्यांना स्वतःची वेणी अजून घालता येत नाही, हे मला माझ्या बायकोकडून, मनिषाकडून कळलं. वहिनींचे भाऊ धम्मानंद तुला सगळ्यांदेखत वाट्टेल ते बोलले. तू मान खाली घालून म्हणालास, खडी दिसली नाही, चूक माझीच. मी शेजारीच उभा होतो, आणि मीही म्हणालो की हो, खडी होती.

जीपची परीक्षा संपल्यावर मी माझी स्वतःची मोटारसायकल घेतली. तिच्या टायरना तोच स्प्रे मारला आणि येलदरीच्या रस्त्याने निघालो. दर दोन किलोमीटरला उतरून बोट फिरवत होतो. मधला पट्टा लवकरच कोरडा झाला, रस्त्याने घासून साफ केला. पण टायरची कड तशीच बुळबुळीत राहिली, कारण सरळ चालताना कड रस्त्याला टेकतच नाही. टेकते ती वळणावर, गाडी झुकली की. मग बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या काँक्रीटच्या आवारात हळू वेगाने गाडी झुकवून पाहिली. तीनदा झुकवली, तिन्ही वेळा पडलो. गुडघा सोलला. मग कड साबणाने घासून धुतली आणि त्याच जागी, त्याच वेगाने पुन्हा तीनदा झुकवली. एकदाही घसरली नाही. तिथे खडीचा एक दाणा नव्हता, सिद्धू.

आता जे लिहायचं ते लिहितो. त्या संध्याकाळी तुझी गाडी स्टँडवर लावून, चाकं हाताने फिरवत, मी स्प्रे टायरच्या फक्त बाजूंना मारला नाही, रस्त्याला टेकतो त्या भागावरही मारला. दोस्ताची गाडी म्हणून दोनदा मारला. दुसऱ्या दिवशी वळणावरून गाडी उचलून आणायला मीच गेलो होतो. टायरच्या कडेला बोट लागलं, ते चिकट झालं, आणि मी ते पँटला पुसलं. तेव्हापासून मला शंका होती. खात्री नाही असं स्वतःला सांगत चार महिने गप्प बसलो. धंदा बुडेल ही भीती होती, तू जाशील ही त्याहून मोठी. आता खात्री आहे, लपायला जागा उरलेली नाही. रविवारी सकाळी दहाला मी तुझ्या घरी येतोय. धम्मानंदना बोलावून ठेव. वहिनींच्या समोर, त्यांच्या समोर हे सगळं तोंडाने सांगणार आहे. तुम्ही मारलं, हाकललं, तरी सांगून झाल्याशिवाय उठणार नाही. तू माझं तोंड पुन्हा पाहू नयेस असं ठरवलंस तर तेही मान्य. फक्त ती ताडपत्री काढ. त्या वळणावर गाडी तू नीटच चालवत होतास.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझाच,
परमेश्वर