जहाजात बसवलेली मुलगी

ती. आईस, नेकारसुल्महून तुझ्या निधीचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. कुमारचं काम जोरात चाललंय. अन्वीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच. बाबांचा गुडघा कसा आहे?

खालच्या मजल्यावर इरिनीबाई राहतात, ग्रीक आहेत. काल त्यांनी घराण्याची गोष्ट सांगितली. तुर्कांच्या सुलतानाने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, तेव्हा त्यांचे एक पूर्वज तिथे सम्राटाचे सरदार होते. सुलतानाने त्यांना मानाने बोलावलं, घर परत दिलं. बायको म्हणाली, "अहो, निघू या इथून." ते म्हणाले, "त्यांनी शब्द दिलाय." तिने वाद घातला नाही. धाकट्या मुलीला मात्र इटलीच्या जहाजात बसवून दिलं. थोड्याच दिवसांत सुलतानाने त्यांचा मुलगा महालात चाकरीला मागितला. ते नाही म्हणाले, तर बापलेक दोघांना मारलं. आईचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. इरिनीबाई त्या मुलीच्या वंशातल्या.

मी विचारलं, "आज हे कसं आठवलं?" त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. तिथे सगळ्या बिऱ्हाडांच्या बेल आहेत, त्यांवरची फक्त त्यांची आणि आमची नावं कुणीतरी खरवडून काढली होती. मागच्या महिन्यातही असंच झालं होतं.

कुमार म्हणतो, "पोरांचा चावटपणा गं. शेजारी किती चांगले आहेत!" आहेतच.

तू काळजी करू नकोस. फक्त अन्वीसाठी तिकडच्या शाळेत विचारून ठेव. कुमारचा फोन आला तर, ती सुट्टीला येतेय, एवढंच म्हण.

तुझीच,
निधी