लिफ्टवाल्याचं नववं रीळ

ता. ३ फेब्रुवारी

सौ. हिला,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. बाबा फोन का करत नाहीत म्हणून लेक चिडते, हे कळलं. पण पस्तीस वर्षं सिनेमाच्या मशीनच्या घरघरीत उभं राहून माझे कान गेले, हे तिला कितीदा सांगू? फोनवर तू काय म्हणतेस ते कळत नाही, मी नुसतं हं हं करतो आणि तू म्हणतेस माझं लक्ष नसतं. पत्रात निदान तुझं रागावणं दोनदा वाचता येतं.

इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे तसं ठीक नाही. मोरीतला नळ ठिबकतो. जिना उतरताना डावा गुडघा वाजतो, चढताना उजवा. तुझ्या कुंडीतलं रोप पिवळं पडलं आहे. पाणी जास्त होतंय की कमी ते समजेना, म्हणून एक दिवस जास्त घालतो आणि एक दिवस कमी.

पंधरा दिवसांसाठी म्हणून तू लेकीकडे गेलीस, त्याला चार महिने झाले. तुझ्या शिलाई मशीनचा चामडी पट्टा मी काढला आणि माझ्या रीळ गुंडाळायच्या यंत्राला लावला, हे खरं. न विचारता लावला, हेही खरं. पण दोन वर्षांत तू उशीचा एक अभ्रासुद्धा शिवला नव्हतास, हे मी तेव्हा बोललो ते काही खोटं नव्हतं.

आता तुझ्या अटीबद्दल. आपल्या लिफ्टवाल्या सिनेमाचा दुसरा भाग एक्केचाळीस वर्षांनी आला, तोच नट आणि तीच नटी घेऊन आला, इथवर ठीक. पण तू लिहितेस की पहिल्या भागात त्या मेल्या लिफ्टवाल्याने टायपिस्टबाईची माफी मागितलीच नव्हती, आता म्हातारपणी तरी मागतो का ते बघणार. मागितली तर पुरुष वयाने सुधारतात असं समजून घरी येणार, नाहीतर तिकडेच राहणार. अगं, आपल्या संसाराचा निकाल त्या नटाच्या हाती देतेस? त्याला आपली काही माहिती तरी आहे का?

त्याने तेव्हा माफी मागितली असेल, दाखवली नसेल. सिनेमात सगळं दाखवत नाहीत, हे मी तुला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा घाई करू नकोस. आधी मी बघून येतो आणि कळवतो.

लोभ आहे, तो चार महिन्यांत आटला नसेल अशी आशा आहे.

तुझा,
मी


ता. ८ फेब्रुवारी

ती. ऑपरेटरसाहेबांस,
सा. न. वि. वि.

अभ्रे मोजत बसायची सवय तुम्हांला कधीपासून लागली? नळाला चिंधी बांधा. रोपाला तीन दिवस हातही लावू नका, ते तुमच्यामुळे घाबरलं आहे.

सिनेमात सगळं दाखवत नाहीत, हे वाक्य मी एक्केचाळीस वर्षं ऐकते आहे. लग्नाला आठवडा झाला नव्हता. तुम्ही मला बाल्कनीच्या पहिल्या रांगेत एकटीला बसवलंत आणि स्वतः वरच्या खोलीत मशीनपाशी गेलात. नवऱ्याबरोबरचा पहिला सिनेमा, आणि नवरा भिंतीपलीकडे! तरी मी खूप हसले. मग तो लिफ्टवाला सगळ्या कचेरीसमोर तिच्या टायपिंगची थट्टा करतो, ती लिफ्टचं दार त्याच्या नाकावर आपटते, आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ती त्याच्याशेजारी उभी राहून लग्नाच्या कागदावर सही करत असते! मधे काय झालं? मी घरी येऊन विचारलं, तर तुम्ही म्हणालात, असंच असतं.

तेव्हापासून आपल्या घरातही असंच असतं. दार आपटायचं, दुसऱ्या दिवशी चहा मागायचा. मधलं काही नाही.

बघून या आणि खरं काय ते लिहा. जावईबापूंची तब्येत चांगली आहे. माझ्या हातचं खाऊन त्यांचा सदरा घट्ट झाला आहे, आणि तो उसवून पुन्हा शिवायला इथे मशीन आहे. पट्ट्यासकट.

लोभ असावा, चौकशी करून वापरावा.

आपली,
सौ.


ता. १४ फेब्रुवारी

सौ. हिला,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल दुपारच्या खेळाला जाऊन आलो. तू जाऊ नकोस.

कारणं सांगतो. पहिलं म्हणजे खुर्ची. इतकी मऊ आहे की माणूस आत जातो आणि गुडघ्यांना बाहेर यायला वाट मिळत नाही. दुसरं, पडद्याच्या कोपऱ्यात तो ठिपकाच नाही. आमच्या वेळी रीळ संपत आलं की कोपऱ्यात ठिपका चमकायचा, मग दुसरं मशीन सुरू करायचं. काल मी अडीच तास त्या ठिपक्याची वाट पाहत बसलो. चित्र जरा पुसट झालं की मान वळवून मागच्या खिडकीकडे बघायचो. शेवटी मागच्या बाईंनी विचारलं की आपली काही ओळख आहे का. मध्यंतरात मॅनेजरला गाठलं. तो म्हणाला, आजोबा, वर कोणी नसतं. एक पेटी आहे, ती आपोआप चालते. मला त्या पेटीचं फार वाईट वाटलं. कोणी ओरडायचं झालं तर ओरडणार कोणावर?

आता सिनेमा. लिफ्टवाला आता काचेच्या मोठ्या इमारतीचा पहारेकरी आहे. केस इतके काळे केले आहेत की कपाळावर डाग पडलेत. बाई मात्र अजून छान दिसते, हसताना तशीच एक भुवई वर जाते. पण पहिल्या भागात विनोद दम खाऊन यायचा. तो लिफ्टचा खटका दाबायचा, लिफ्ट हलायची नाही, आणि आपण त्याच्याबरोबर वाट बघत हसायचो. आता वाट बघायला कोणाला वेळ आहे? दर विनोदामागे वाजंत्री, म्हणजे आता हसा अशी सूचनाच. त्यातून मधे मधे पहिल्या भागातले तुकडे जोडलेत. रंग उडालेले, बघवत नाहीत. डोळ्यांना त्रास होईल. तुझा चष्मा तसाही जुना आहे.

माफीचं विचारतेस तर नीट कळलं नाही. माझे कान तुला माहीत आहेत.

एकूण, पहिल्याची सर नाही. तिकिटं काढली असतील तर परत कर. नळाला चिंधी बांधली. आता चिंधी ठिबकते.

लोभ असावा आणि घरी बसूनच असावा.

तुझा,
मी


ता. १८ फेब्रुवारी

ती. ऑपरेटरसाहेबांस,
सा. न. वि. वि.

लेक आणि जावई काल तो सिनेमा बघून आले. जावईबापू डोळे पुसत आले, आणि विचारलं तर म्हणतात, तिथल्या पंख्याने पाणी आलं. लेक म्हणते, आई, त्यात एक जिन्याचा प्रसंग आहे, जुन्या सिनेमातलाच, तो तू बघितलाच पाहिजेस. मी म्हटलं, जुन्या सिनेमात जिना कुठे होता? मला तर फक्त लिफ्ट आठवते. ती म्हणाली, बाबांना विचार, त्यांनी तर तो शंभर वेळा चालवला असेल.

म्हणून विचारते. कसला जिना?

रविवारची तिकिटं काढली आहेत. तुमच्या मऊ खुर्चीला आणि माझ्या चष्म्याला मी बघून घेईन. पण माणूस एका सिनेमाला इतका घाबरलेला मी प्रथमच पाहते आहे.

लोभ आहेच, उत्तर असावे.

आपली,
सौ.


ता. २० फेब्रुवारी

सौ. हिला,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र रविवारच्या आत पोचावं म्हणून स्वतः मोठ्या टपाल कचेरीत जाऊन टाकतो आहे. उभ्यानेच वाचलंस तरी चालेल, पण आधी वाच आणि मग सिनेमाला जा.

जिना आहे. नवव्या रिळात आहे. तू ते रीळ पाहिलं नाहीस, कारण मी ते लावलंच नाही.

झालं असं. त्या दिवशी आठवं रीळ चालू होतं आणि पुढचं मला दुसऱ्या मशीनवर चढवायचं होतं. भिंतीला हाताएवढी खिडकी होती, तिच्यातून पडदा बघायचा असतो. मी तुला बघत होतो. सगळे हसून झाले की मग तू हसायचीस, आणि तोंडावर हात धरून इकडे तिकडे बघायचीस की आपण एकट्याच हसलो की काय. असं मी याआधी कोणाला बघितलं नव्हतं. त्या नादात फळीवरून नवव्याऐवजी दहावं रीळ उचललं आणि चढवलं. ठिपका चमकला, मी मशीन सुरू केलं, आणि तिकडे लग्नाची सही होऊन गेली. लोकांनी एक शिट्टीसुद्धा मारली नाही, त्यांना वाटलं सिनेमा नव्या धर्तीचा आहे. नववं रीळ डब्यातच राहिलं.

घरी आल्यावर तू विचारलंस. मला सांगायला हवं होतं. पण घरात येऊन पाच दिवस झालेल्या बायकोला, मला माझं काम येत नाही, हे कसं सांगू? शाळा माझी सहावीतच सुटली. ते मशीन सोडलं तर मला दुसरं काय येत होतं? म्हणून म्हणालो, असंच असतं. मग ते दर वर्षी जास्त जड होत गेलं. टीव्हीवर तो सिनेमा लागला की आपल्या घरचा फ्यूज का जायचा, तेही आता सांगून टाकतो. मीच काढायचो.

नवव्या रिळात लिफ्ट बंद पडलेली असते. तो सात मजले चढून जातो. सगळ्या कचेरीसमोर उभा राहतो, पण धाप लागल्यामुळे त्याला बोलता येत नाही. बाई घड्याळाकडे बघत त्याची धाप जायची वाट बघते. मग तो फक्त म्हणतो की चूक माझी होती, लिफ्टची नव्हती. बस. सिनेमातलं सगळ्यात चांगलं तेच आहे.

आणि दुसरा भाग का फसला ते आता खरं सांगतो. नळ दुरुस्त करता करता काल समजलं. त्यात दोघं पुन्हा भांडतात, ती निघून जाते, आणि म्हातारा काहीच करत नाही. तीच बसून जुना जिना आठवते आणि परत येते. जुन्या माफीवर नवं भांडण भागवलं! मला खुर्चीतून उठून ओरडावंसं वाटलं की अरे, या भागाचं नववं रीळ कुठे आहे? मग वाटलं, आपण कोणत्या तोंडाने ओरडणार? त्या म्हाताऱ्याकडे निदान जुनी माफी तरी आहे.

तर चूक माझी होती. रिळाची, आणि पट्ट्याचीही. पट्टा मी नुसता काढला नव्हता, माझ्या यंत्राला बसावा म्हणून दोन बोटं कापलाही होता. तेच तुला सांगायला भीत होतो, म्हणून अभ्र्याचं काढलं. कालच चांभाराकडून नवा पट्टा करून आणला आणि मशीनला बसवला. चालतो का बघायला एक अभ्रा शिवला. उशी त्यात जात नाही, पण टाके सुटत नाहीत.

तुझ्या अटीप्रमाणे, नट या भागात माफी मागत नाही. तेव्हा तू येणार नाहीस, हे मला कळतं. तरी लिहिलं.

लोभ मागायला आज तोंड नाही, म्हणून मागत नाही.

तुझा,
मी


ता. २३ फेब्रुवारी

ती. ऑपरेटरसाहेबांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. उभ्याने वाचायला घेतलं आणि मग बसले.

आता माझंही ऐका. त्या पहिल्या खेळानंतरच्या बुधवारी, तुम्ही कामावर असताना, वरच्या मजल्यावरच्या वहिनींबरोबर मी तो सिनेमा पुन्हा पाहिला. खालच्या वर्गात बसून. सात मजले, धाप, घड्याळ, सगळं पाहिलं. त्या दिवशी तुमचं लक्ष मशीनवर होतं, कारण बाल्कनीत मी नव्हते. संध्याकाळी मी तुम्हांला मुद्दाम पुन्हा विचारलं की ती दोघं परत एकत्र कशी आली हो? तुम्ही भाजी चिरता चिरता म्हणालात, दाखवतच नाहीत.

तेव्हापासून मी वाट बघते आहे. दर भांडणात त्या लिफ्टवाल्याला शिव्या घालत होते त्या काय त्याच्यासाठी? आणि फ्यूज नेमका त्याच सिनेमाला जातो, हे न कळायला मी काय त्या तुमच्या पेटीसारखी आपोआप चालते? नवऱ्याचं एक तरी खोटं आपल्या मुठीत असावं, म्हणून गप्प राहिले. फक्त ती खिडकी मला माहीत नव्हती. मी समजत होते, तुम्हांला डुलकी लागली असेल.

रविवारची तिकिटं लेकीने शेजाऱ्यांना दिली. पहिला भाग मी दोन्ही वेळा तुमच्याशिवाय पाहिला आहे. दुसरा पहिल्याइतका चांगला नसला तरी चालेल, पण तो शेजारी बसूनच बघणार. मागे वळून खिडकीकडे पाहिलंत तर मान धरून पुढे करीन.

मी शनिवारी दुपारच्या गाडीने येते. अटीचं काय, ते विचारू नका. अट म्हाताऱ्याने माफी मागण्याची होती, कोणत्या म्हाताऱ्याने ते मी लिहिलं नव्हतं. आपल्याकडे लिफ्ट नाही आणि माझ्या दोन पिशव्या जड आहेत. तेव्हा खाली उतरून या आणि त्या घेऊन वर चढा. सात नाहीत, तीनच मजले आहेत. धाप लागली तर मी घड्याळाकडे बघत उभी राहीन.

लोभ होताच, आता नवव्या रिळासकट असावा.

आपली,
सौ.