सीटमागे इंजिन असलेली छोटी गाडी विहीणबाईंना

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा गॅरेज, बुद्धी ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करते. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव माझ्या एकुलत्या एका मुलीला.

२. गॅरेज व सर्व हत्यारे पुतणीला. समोरच्या पेंटरला त्यातला एक पानाही देऊ नये. नेलेला जॅक त्याने अजून आणून दिलेला नाही.

३. माझी दोन सीटची छोटी गाडी विहीणबाईंना. मुलीला नवल वाटेल, म्हणून कारण लिहिते.

लग्न ठरताना मुलीने सासरी सांगितले होते, आई गॅरेजची मालकीण आहे, नुसती देखरेख करते. मीही तसेच भासवले. त्यांच्याकडे जाण्याआधी नखे रॉकेलने घासायची आणि चहा घेताना बोटे मुडपून धरायची.

एका दुपारी विहीणबाई न कळवता गॅरेजात आल्या. या गाडीचे इंजिन इतक्या अडचणीत बसवले आहे, की पट्टा बदलायला मागचे चाक काढून बाजूने हात घालावा लागतो. मी जमिनीवर आडवी, हात खांद्यापर्यंत आत, आणि घाईत तो निघेना. मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"अडकलाय का?"

"निघेल. तुम्ही आत खुर्चीवर बसा ना."

त्या तिथेच उकिडव्या बसल्या. "दाखवा तरी, जातो कसा आत."

पट्टा चढवून मी त्यांना चक्कर मारून आणली. गाडी इतकी बुटकी, की रस्ता बुडाखालून सरकताना कळतो. वळणावर स्टिअरिंगला बोट लावले तरी पुरते. तिसऱ्या गिअरला इंजिन थेट मानेमागे गुरगुरते. विहीणबाई पर्स मांडीवर घट्ट धरून समोरच बघत राहिल्या. आता मुलीला बोल लागणार, या विचाराने मला त्यांच्याकडे बघवेना.

उतरताना त्या म्हणाल्या, "लायसन्स आहे माझ्याकडे. यांनी कधी चालवू दिली नाही. ही चालवू द्याल मला?" मग मान खाली घालून, "मी विचारलं, हे घरी सांगू नका हं."

तेव्हापासून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते असे सांगून त्या गाडी चालवायला येतात. वळणे माझ्यापेक्षा सफाईने घेतात, हे लिहितानाही मला ओशाळल्यासारखे होते.

माझ्यामागे गाडी त्यांच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशी उभी करावी. त्यांना फार लाजल्यासारखे होईल. होऊ द्यावे.

हे वाचून, समजून, स्वहस्ते सही केली.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरचा औषधवाला (सही)
२. शेजारीण, निवृत्त परिचारिका (सही)

ठिकाण: राहते घर
दिनांक: ९ मार्च