दार पाण्याखाली आहे

डॅड,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. महिन्यातून दोन दिवस कवायत केली की राज्य सरकार कॉलेजची फी भरतं, म्हणून मी नॅशनल गार्डमध्ये, राज्याच्या राखीव सैन्यात, भरती झाले. तुम्ही युद्ध बघून आलेले. म्हणालात, "वर्दी घालून माझ्या दारात यायचं नाही."

काल प्लॅट नदीचा बांध फुटला आणि आमच्या गार्डची बचावाची होडी नेमकी आपल्याच गल्लीत आली. तुम्ही माडीच्या खिडकीत बसला होता.

"सांगितलं होतं ना तुला?"

"दार पाण्याखाली आहे, डॅड. खिडकीतून उतरा."

तुम्ही होडीत उतरलात. मग विचारलंत, "परीक्षा कधी आहे?"

"आज होती."

तुम्ही माझ्या लाइफ जॅकेटचा सैल पट्टा आवळलात. फार गच्च. मी तो अजून सोडलेला नाही.

तुमची,
कॉरीन