नंदाताईंची तब्येत

खराडी, पुणे
७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
दीक्षाचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू मनानं जोडतेस, म्हणून हे पत्र. मागे मी ऑफिसातल्या बढतीचं सांगितलं, तर तू ‘भरती’ ऐकलंस आणि दवाखान्याचं नाव विचारत बसलीस. पप्पा तिकडे मांजरी गावात सगळ्यांना ती गोष्ट अजून सांगतात.

तर बातमी अशी की काल संध्याकाळी माझी पहिली मुलाखत झाली. रोहन नावाचा एक मुलगा मराठी पुस्तकांवर ऑनलाइन कार्यक्रम करतो, त्याच्याकडे. तासभर बोललो. मांजरीच्या उसात उभ्या राहिलेल्या सोसायट्या, तिथली माणसं, माझी नायिका, सगळं विचारलं त्यानं. मी नोकरी सांभाळून लिहिते कधी, हेही. शेवटी म्हणाला की कादंबरी दिवाळीत येणार होती, अडली कुठे?

मी खरं तेच सांगितलं. आमच्या संपादकबाईंना कॅन्सर झालाय, केमो चालू आहे, माझं बाड त्यांच्या टेबलावर पडून आहे आणि प्रकाशक तात्याराव दुसऱ्या कुणाला त्याला हात लावू देत नाहीत. नाव घेतलं नाही हं मी. वर हसत असंही म्हटलं, की मी आता पुस्तकाची वाट बघायची का बाईंच्या रिपोर्टची, तेच कळत नाही. त्यावर लोकांनी इतके हसरे चेहरे पाठवले की रोहनला पुढचा प्रश्न दिसेना! पुण्यात लेखक जरा तिखट बोलला की लोकांना आवडतं, हे मला काल कळलं.

नंदाताई, म्हणजे त्या संपादक, स्वभावानं चांगल्या आहेत. मागच्या महिन्यात बुधवार पेठेतल्या ऑफिसात गेले तेव्हा डोक्याला स्कार्फ होता. मी सहज विचारलं, तेव्हा चहा पिता पिता त्यांनीच सांगितलं. पण आत्या, चार वर्षं लिहिलंय गं मी हे. किती थांबायचं माणसानं?

फरहतला सांग, ती मुलाखत मोबाइलवर लावून देईल. बघ आणि कशी दिसते ते कळव. तुझा हात पाठीवर आहे, तो असाच राहू दे.

तुझी,
दीक्षा

---

सातारा
११ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षास,
आत्याचा जयभीम आणि आशीर्वाद.

पत्र मिळालं. शेजारच्या फरहतनं मुलाखतही दाखवली. खाली अक्षरं पळतात, त्यामुळे मला सगळं कळलं. त्या बाईंच्या आजारापाशी आल्यावर मी तिला थांबवायला सांगितलं, चष्मा पुसला आणि तेवढंच पुन्हा वाचलं. मला वाटलं, माझंच काही चुकतंय. फरहत माझ्याकडे बघेना. मग म्हणाली की खाला, हे दीक्षानं बोलायला नको होतं.

अगं, त्या बाईंना विचारलं होतंस का? नाव घेतलं नाही म्हणतेस. तात्यारावांकडे संपादकबाई कितीजणी आहेत? कुणाला सांगू नकोस असं त्या म्हणाल्या नसतील. ते म्हणावं लागतं का? डोक्याला रुमाल बांधलेली बाई तुझ्यासमोर बसून सांगते, ती तुला सांगते. तुझ्यामागच्या हजार माणसांना नाही.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ट्रंककॉल जोडायचे, तेव्हा काय काय कानावर पडायचं. कुणाची मयत, कुणाचं मोडलेलं लग्न. दुसऱ्या दिवशी तीच माणसं मंडईत भेटायची आणि मी त्यांच्याशी मेथीच्या भावावर बोलायचे. त्या हेडफोननं माझे कान गेले, पण तोंड मी सांभाळलं.

आणि ते सांगताना तू हसत होतीस. तू अशी नाहीस. का आहेस, आणि मलाच माहीत नव्हतं?

आधी ते काढून टाकायला सांग. मग गप्प बस.

रागाचं लिहिलंय, पण लिहिणारी तुझीच आहे हे विसरू नकोस.

तुझी आत्या,
विशाखा

---

खराडी, पुणे
१४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र काल मिळालं. ‘मग गप्प बस’ पर्यंत आले आणि तिथेच बसून राहिले. फार उशीर झाला होता आत्या.

सोमवारी तात्यारावांनी बोलावून घेतलं. मला वाटलं, छपाईची तारीख सांगतील. मी पेढे घेऊन गेले होते. त्यांनी चहा मागवला नाही. म्हणाले की बसा म्हणत नाही, फार वेळ लागणार नाही. मग सांगितलं.

नंदाताईंच्या मुलीला, पायलला, काहीच माहीत नव्हतं. ती मुंबईत सीएच्या शेवटच्या परीक्षेला बसली होती. घरात फक्त नंदाताईंच्या मिस्टरांना ठाऊक. पायल व्हिडिओ कॉल कर म्हणाली की हे दोघं मोबाइल बिघडलाय म्हणायचे. निम्मे पेपर झाले होते. कुठल्याशा मैत्रिणीनं तिला माझ्या मुलाखतीचा तुकडा पाठवला आणि विचारलं, ही तुझी आई तर नव्हे? पायल पहिली बस पकडून पुण्याला आली. दार नंदाताईंनीच उघडलं. डोक्यावर स्कार्फ नव्हता.

काल तिचा शेवटचा पेपर झाला असता.

मी ऐकत उभी होते, हातात पेढ्यांचा बॉक्स. आणि मला आठवलं. चहा पिताना नंदाताई म्हणाल्या होत्या की पायलची परीक्षा होऊ दे, मग बघू. मी तेव्हा माझ्या मुखपृष्ठाचा विचार करत होते.

तात्याराव आवाजही चढवत नाहीत. म्हणाले की लेखक आमच्याशी भांडतात, रुसतात, आमच्या मुद्रितशोधनाला नावं ठेवतात, आम्हीही त्यांना ठेवतो, पण ते सगळं या चार भिंतींत राहतं. आपण भिंतच ठेवली नाहीत. बाड परत द्यायचं की नाही ते नंदाताई ठरवतील, असं म्हणून ते प्रुफांत डोकं घालून बसले. मी निघाले तेव्हा पेढे न्यायला विसरू नका म्हणाले.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही. घरी येऊन मी रोहनला मुलाखत काढायला लावली. आणि मग मी जाहीर माफी लिहिली, फेसबुकवर. रडत रडत लिहिली गं. नंदाताईंचं पूर्ण नाव, आजार, पायलची परीक्षा, माझा अपराध, सगळं. मला वाटलं, आता हेच बरोबर. मुलाखत दोन-तीन हजार लोकांनी बघितली असेल. माफी सकाळपर्यंत कुठच्या कुठे गेली. लोक माझं कौतुक करत होते! किती मोठं मन, म्हणे. कुणीतरी नंदाताईंचा जुन्या कार्यक्रमातला लांब केसांचा फोटो शोधून खाली लावला. प्रकाशनाच्या फोनवर गव्हांकुराच्या रसाचे उपाय सांगणारे फोन यायला लागले. तेव्हा कुठे मी ते काढलं. पण लोकांनी जपून ठेवलंय, अजून फिरतंय.

ऑफिसात स्क्रीनकडे बघते आणि काही दिसत नाही. मी वाईट आहे का आत्या? खरं सांग.

दीक्षा

---

सातारा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. दीक्षास,
जयभीम आणि आशीर्वाद.

माफीचं वाचून मी स्वयंपाकघरात उभीच राहिले, भाजी करपली तरी कळलं नाही. पोरी, माफी ज्याची त्याला मागायची असते. ही तू कुणाला मागितलीस? वाईट आहेस का, विचारतेस. वाईट असतीस तर मला लिहिलं नसतंस. पण स्वतःकडे बघता बघता समोरचं माणूस तुला दिसत नाही, ते मात्र खरं.

आता ऐक. एक शब्द कुठे टाकू नकोस. कुणी तुझी बाजू घेतली तरी नको, शिव्या दिल्या तरी नको. त्या बाईंना एक पत्र लिही, हातानं. काय केलंस तेवढं लिही. का केलंस ते लिहू नकोस, चार वर्षं वाट पाहिली वगैरे तर मुळीच नको. क्षमा करा असंही लिहू नकोस, आजारी माणसावर ते आणखी एक काम होतं. उत्तराची वाट बघू नकोस. आणि मुलीच्या वाटेला जाऊ नकोस.

दादाचा, तुझ्या पप्पांचा फोन आला होता, तू जेवत नाहीस म्हणे. माझ्या कानांना एवढं बरोबर ऐकू आलं. जेव.

माया कमी झालेली नाही, होणारही नाही.

तुझी आत्या,
विशाखा

---

पुणे
९ डिसेंबर २०२४

दीक्षा ओव्हाळ यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. त्यात कारणं नव्हती, म्हणून उत्तर लिहिते आहे.

आपली कादंबरी परत करावी असं तात्यारावांचं मत होतं. मी नको म्हटलं. कादंबरी चांगली आहे. आपण चांगल्या आहात की नाही हा वेगळा विषय आहे आणि तो माझ्या कामात येत नाही. शेवटचं प्रकरण अडीच पानांनी लांबलं आहे. नायिका घर सोडून निघाली की थांबा. ती का निघाली हे वाचकाला कळलेलं आहे, त्याला पुन्हा सांगू नका.

पायलचं म्हणणं, कळलं ते बरं झालं. ती आता माझ्याजवळ असते, परीक्षा पुन्हा देईन म्हणते. मी तसं म्हणत नाही. तिला कसं सांगायचं हे मी मनाशी कितीदा तरी बोलून पाहिलं होतं. परीक्षा झाली की तिला जेवायला बाहेर न्यायचं, पोटभर खाऊ द्यायचं आणि मग सांगायचं. शब्दही ठरले होते. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं नीट केली, हे एक माझं होतं. ते तिनं आपल्याकडून ऐकलं, आणि त्यापाठोपाठ लोकांचं हसणं.

एवढं आपल्याला माहीत असावं असं वाटलं. याउपर या विषयावर लिहू नये.

ऋणनिर्देशात माझं नाव घालू नये. ही विनंती नाही. पत्राच्या शेवटी लोभाचं एक वाक्य लिहायची पद्धत आहे. ते तूर्त राहू द्या.

नंदा

---

खराडी, पुणे
१५ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

नंदाताईंचं उत्तर आलं. तुला ते पाठवावं म्हणून पाकिटात घातलंही होतं, मग काढून घेतलं. ते मला लिहिलेलं आहे. एवढंच सांगते की कादंबरी येणार आहे, आणि ती त्यांच्यामुळे येणार आहे. मला हे अजून पचत नाही. मी शिव्यांची तयारी करून पाकीट फोडलं होतं. आत माझ्या शेवटच्या प्रकरणाची दुरुस्ती होती. ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं आणि तिथेच रडले. सफाईवाल्या मावशी पाणी घेऊन आल्या.

अडीच पानं काढली. बरोबर होतं त्यांचं.

परवा रोहनचा फोन आला. म्हणाला की झाल्या प्रकारावर एक कार्यक्रम करू, तुझी बाजू मांडायला मिळेल, पुस्तकाचीही हवा होईल. मी म्हटलं की पुस्तक आलं की पुस्तकावर बोलू. तर म्हणाला, एवढं सगळं घडलं आणि तू काहीच बोलणार नाहीस? त्याला खरोखर धक्का बसला होता. मी फोन ठेवला, पण बोलायचं तर मनात होतं आत्या. अजूनही आहे. माझी बाजू मला तोंडपाठ आहे.

तू मला झापायचं सोडू नकोस.

तुझी,
दीक्षा

---

सातारा
१६ मार्च २०२५

चि. दीक्षास,
आत्याचा जयभीम आणि भरभरून आशीर्वाद.

पुस्तक हातात आहे! दोन बैठकांत वाचून काढलं. शेवट वाचला, पान उलटलं, तर पुढे कोरं. मी म्हटलं, पानं गळली की काय छापताना. मग जरा वेळानं कळलं, आणि दिवसभर ती पोरगी माझ्या डोळ्यांसमोरून हलली नाही. ऋणनिर्देशात दादाचं नाव आहे, माझं आहे, तात्यारावांचं आहे. त्या बाईंचं नाही. का, ते विचारत नाही.

फरहतनं गल्लीत पुस्तक फिरवलंय. वाचून झालं की जो तो माझ्याकडेच येतो. आणि कादंबरी राहते बाजूला, पहिला प्रश्न हाच की त्या पुण्याच्या बाई आता कशा आहेत? उपचार लागू पडले का? मुलगी पास झाली का? मलाही रोज आठवण येते त्यांची, कधी न बघितलेल्या बाईची. तेव्हा तेवढं सविस्तर लिही. बऱ्या आहेत ना?

डोळे आणि मन तुझ्या पत्राकडे लागलंय.

तुझी आत्या,
विशाखा

---

खराडी, पुणे
२१ मार्च २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

पुस्तक तुला आवडलं, आता कुणी काहीही म्हणू दे. पप्पांनी मांजरीच्या सोसायटीत दहा प्रती खपवल्या, त्यातल्या चार लिफ्टमध्ये. दुसऱ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण झालंय. त्याबद्दल अजून कुणाशीच बोललेले नाही, तू पहिली.

तू नंदाताईंबद्दल विचारलंस. मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे गेले होते, त्यांनी बोलावलं म्हणून. बराच वेळ बसले.

आत्या, त्या कशा आहेत ते मी लिहिणार नाही. काय बोललो तेही नाही, आणि पायलचंही नाही. गल्लीत कुणी विचारलं तर दीक्षानं काही कळवलं नाही म्हणून सांग, ते खरंच असेल. तुला राग येईल, कदाचित तू मनानं काहीतरी जोडशीलही. जोडू नकोस. मेथीचा भाव काय झालाय तो कळव.

तुझ्या पत्राची रोज वाट बघणारी,
दीक्षा