पाचपैकी पाच

अमरावती,
रविवार, भर दुपार

तीर्थस्वरूप सौ. पार्वतामामी यांच्या चरणी,

भाचा नितेश याचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हणजे खरोखरच पालथा पडून लिहितो आहे, कारण चार दिवसांपासून उठायची इच्छा उरलेली नाही. मे महिना डोक्यावर तापतो आहे आणि कूलरमध्ये पाणी टाकायचंही मन होत नाही, यावरून काय ते समजा. तुमची कंबर, मामांचं ब्लडप्रेशर आणि नुकतीच व्यायलेली शेळी यांची खुशाली कळवावी. पत्र पाहून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून ओट्यावर बसता आणि माझं दुःख शेजारच्या चतुराबाईंना माझ्याआधी कळतं. म्हणून हे पाकीट. चष्मा लावून मनातल्या मनात वाचा. (चतुराबाई बाजूला असतील तर आधी त्यांना घरी पाठवा. गेल्या का? दाराआड पाहून घ्या.)

तर मामी, मी पीएचडी सोडतो आहे. सहा वर्षं झाली, मुदत दोनदा वाढवून घेतली, आता तीस जूनला ती संपते आणि त्याच दिवशी माझे मार्गदर्शक शफीक सर अकोल्यात निवृत्त होतात. विषय तुम्हाला माहीतच आहे, म्हणजे माहीत नाही हे मला माहीत आहे : 'ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य सेवांची उपलब्धता व रुग्णांचे समाधान : एक अभ्यास'. ('एक अभ्यास' हे शेवटी लिहावंच लागतं, नाहीतर लोकांना ती लावणी वाटेल.) मी माणसांचा डॉक्टर होणार नाही, दवाखान्यांना काय झालंय ते शोधणार आहे, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगतो आहे. चतुराबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग दवाखान्यालेच एक गोळी दे ना बापा!" आणि तुम्ही चांदूर बाजारचं ते स्थळ आणलं होतं, तिथे मुलीच्या वडिलांनी पोह्यांच्या आधी शुगरचा रिपोर्ट पुढे केला. मी वाचून पाहिला. वाढलेली होती. मुलीने, म्हणजे प्रणालीने, एकच प्रश्न विचारला की अजून किती दिवस लागतील, आणि मी तोच रिपोर्ट दुसऱ्यांदा वाचायला घेतला. स्थळ तिथेच मोडलं. शुगरचं पुढे काय झालं ते मात्र ते अजून फोन करून सांगतात.

अभ्यासासाठी तुमचंच गाव मी का निवडलं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायची गरज नाही. संशोधनाच्या नियमाप्रमाणे गावाचं नाव छापता येत नाही, म्हणून प्रबंधात तुमचं गाव 'गाव-ब' आहे. (त्यावरून तुम्ही केलेलं भांडण अजून लक्षात आहे. आमचं गाव ब काहून, अ काहून नाही, त्या अ वाल्यांमधी असं काय हाय! मामी, अ असं गावच नाही. ते खर्च परवडत नाही म्हणून रद्द झालं.) तीनशे चौऱ्याऐंशी माणसं, प्रत्येकाला अठ्ठावीस प्रश्न, प्रत्येक उत्तराला एक ते पाच आकडे. एक म्हणजे अत्यंत असमाधानी, पाच म्हणजे अत्यंत समाधानी. तेल्हाऱ्याला एसटी बदलून तुमच्याकडे आलो आणि अडीच महिने दवाखान्याच्या ओट्यावर बसलो.

काम इतकं भराभर झालं की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. लोक आपणहून येत. प्रश्न संपायच्या आत पाच म्हणत. चतुराबाई म्हणाल्या, पाचच काहून, सात लिहून घे. फुरकान टेलर तीन दिवसांच्या तापाने लाल झाला होता आणि तिसऱ्या दिवशीही त्याला डॉक्टर भेटले नव्हते. त्याला मी विचारलं, डॉक्टर वेळेवर उपलब्ध असतात का? त्याने वळून समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या दयेने म्हणाला, "पाच." तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण शिकलेल्या माणसाच्या डोक्यात तो जरा उशिरा पडतो. मला वाटलं, ग्रामीण माणूस सोशिक आहे. त्यावर मी चार पानांचं विवेचनही लिहिलं आणि ते माझं मलाच फार आवडलं.

मागच्या बुधवारी फॉर्मचं गाठोडं घेऊन अकोल्याला सरांकडे गेलो. सरांनी सगळे आकडे कॉम्प्युटरमध्ये पाहिले. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले. तीनशे त्र्याऐंशी माणसं आणि प्रत्येकाचे एकशे चाळीसपैकी एकशे चाळीस. सर म्हणाले, "नितेश, इतने खुश लोग तो शादी में भी नहीं मिलते." आणि मग आवाज खाली आणून विचारलं, घर पे बैठ के भरे क्या? मामी, या माणसाने सहा वर्षांत मला कधी अरे-तुरे केलं नाही. त्याने मला लबाड समजावं, यापेक्षा एसटीखाली गेलेलं बरं, असं वाटलं. मी तिथूनच फुरकानला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. (हे तुमच्याकडूनच शिकलो.) त्याने मोठ्या आनंदाने विचारलं, "पास झाला का भाऊ? मामीनं सांगतलं होतं ना, पाचाच्या खाली कोनी उतरू नका म्हनून. आमी तं पुरे देल्ले!"

तर असं आहे ते. पहिल्या दिवशी मी बाटलीत पाणी भरायला गेलो तेवढ्यात तुम्ही ओट्यावर उभं राहून जाहीर केलंत की आमचा नितेश मोठ्या परीक्षेले बसला हाय, तो इचारन त्याले पाच म्हना, एक-दोन म्हनसान त लेकरू नापास होईन. झालं. अख्ख्या गावाने मला मार्क दिले. भांडणातल्या भाऊबंदांनी दिले, ज्यांच्या बांधावरून तुमचा वाद आहे त्यांनीही दिले. इतकं प्रेम माझ्यावर कोणी केलेलं नाही आणि इतका सत्यानाशही कोणी केलेला नाही. रागावू कोणावर?

मग सरांनी उरलेला एक फॉर्म काढला. क्रमांक दोनशे बारा. सगळे एक. डाव्या हाताने काढलेले, वाकडे, कागद फाटेल एवढे दाबून काढलेले एक. फक्त एकोणिसाव्या प्रश्नाला, परिचारिकेच्या वागणुकीला, पाच. सर म्हणाले, पूरे गाव में इसी एक आदमी ने फॉर्म पढ़ा है. नाव लिहायची सोय फॉर्मवर नसते, पण मला नाव लागलं नाही. तो फॉर्म तुमच्या घरी भरला गेला तेव्हा मी मुद्दाम दुसरीकडे पाहत होतो. सात वर्षांपूर्वी मामांचं तोंड वाकडं झालं तेव्हा मीच त्यांना मोटरसायकलवर मध्ये धरून त्या दवाखान्यात आणलं होतं. डॉक्टर नव्हते. अकोल्याला न्यायची गाडी यायला अडीच तास लागले. ललिता सिस्टर तेवढा वेळ मामांचं डोकं मांडीवर घेऊन पदराने वारा घालत बसल्या होत्या. अकोल्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला, उजवा हात आता चालणार नाही. ज्या माणसाला ग्रामसभेत माईक लागत नसे, त्याच्याकडे तेव्हापासून तीनच शब्द आहेत : हो, नाही आणि चहा. मी सरांच्या समोर रडलो, मामी. लाज वाटली नाही.

सर म्हणाले, सात आठवडे आहेत, सगळे फॉर्म पुन्हा भरून आणा, मी तीस जूनच्या दुपारपर्यंत सही करेन. मी म्हटलं, नको. आता माझ्यात दम नाही. एका मित्राच्या औषधाच्या दुकानात बसायचं ठरवलं आहे. तिथे लोक डॉक्टर म्हणाले तरी कोणाचं काही बिघडत नाही. आईला तुम्हीच सांगा, माझ्याने होणार नाही.

तुमचा, आता कायमचा बिनडॉक्टर राहिलेला भाचा,
नितेश

ता.क. — हे पत्र काल लिहिलं. आज उठून कूलरमध्ये पाणी टाकलं. पुढच्या सोमवारी पहिल्या एसटीने तीनशे चौऱ्याऐंशी कोरे फॉर्म घेऊन येतो आहे. आईला काही सांगू नका. तुम्ही मात्र पुन्हा ओट्यावर उभ्या राहा आणि जेवढ्या जोरात तेव्हा सांगितलं होतं तेवढ्याच जोरात सांगा की खरं सांगितलं तरच पोरगं पास होईल.

आणखी ता.क. — मामांनी पोराला नापास केलं म्हणून तुम्ही त्यांच्याशी अबोला धरल्याचं फुरकानकडून कळलं. तीन शब्दांच्या माणसाशी अबोला धरून काय मिळणार? तो सोडा आणि चहा सुरू करा. या खेपेला ते दिवसभर माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसतील. कोणी न वाचता पाच म्हणालं की त्यांनी फक्त 'नाही' म्हणायचं. तो शब्द त्यांच्याकडे आहे.

शेवटचं ता.क. — पाकिटात एक कोरा फॉर्म आहे, तो तुमचा. मागच्या वेळीही तुम्ही एक भरला होता, क्रमांक एक, सगळे पाच. सातवा प्रश्न पुन्हा वाचा : रुग्णाला न्यायला गाडी वेळेवर मिळते का? त्या दिवशी तुम्ही अडीच तास भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होतात, मी तुमच्याकडे पाहत होतो. माझ्या पास-नापासाचं मी पाहून घेईन. तुम्ही तेवढं लिहा.